तुकोबांच्या अभंगातली क्रियापदं

माउली, तुमचा प्रश्न तीनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वय 29, गाव बार्शी तालुक्यात, घर माळकरी. पुण्यात पाच वर्षं खोली करून राज्यसेवेचा अभ्यास केलात, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलात, अंतिम यादीत नाव लागलं नाही. दीड वर्षापासून गावी आहात. वडील म्हणतात, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे.’ आई म्हणते, देव बघून घेईल. तिने तुळजाभवानीला नवसही बोलला आहे. तुम्ही लिहिता, ‘काही करायला उठलो की वाटतं, माझा देवावर विश्वास नाही. बसून राहिलो की वाटतं, मी आळशी आहे. श्रद्धा असलेल्या माणसाने आपलं आयुष्य घडवायचं, की घडू द्यायचं?’

घडवायचं. जे घडवलं ते मग त्याच्या पायावर ठेवायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. तुमच्या घरात आणि खरं तर आपल्या निम्म्या महाराष्ट्रात तो उलटा झाला आहे.

मी 34 वर्षं वारी करतो. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं शिकलो. जोग महाराजांनी 1917 साली सुरू केलेली ती संस्था. तिथून आल्यावर कीर्तन करतो आणि माळशिरस तालुक्यात शेती करतो. जे सांगतो आहे त्यातलं अर्धं आळंदीत शिकलो, अर्धं शेतात.

आधी तुमच्या वडिलांचा अभंग घेऊ. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान ॥’ इथवर सगळ्यांना पाठ असतो. पुढचं चरण आहे, ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ’. तुकोबा कशाला नको म्हणताहेत? उद्वेगाला. जीव जाळण्याला. हातातलं काम खाली ठेवा असं त्या अभंगात कुठेही नाही. आणि शेवट बघा: ‘वाहू हा संसार देवापायी’. संसार वाहायचा आहे, टाकायचा नाही. वाहायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. रिकाम्या हाताने देवळात गेलेला माणूस काय वाहणार? ज्या माणसाने एवढं मोठं दुःख सोसून पुन्हा उभं राहून दाखवलं, त्याच्या एका ओळीला आपण आपल्या बसून राहण्याचा दाखला केलं, याचं मला फार वाईट वाटतं. वडिलांवर रागावू नका मात्र. ते बहुधा तुम्हाला बसवण्यासाठी म्हणत नसावेत. पोराने जिवाला लावून घेऊ नये, एवढंच त्यांना म्हणायचं असेल. बापाला ते सरळ बोलता येत नाही, मग तो अभंग बोलतो.

आता याच तुकोबांचा दुसरा अभंग घ्या. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी आपली हकीगत सांगितली, तो ‘याती शूद्र’ने सुरू होणारा. घरी गाथा असेलच, काढून समोर ठेवा. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. देहूतलं हे घर सुस्थितीतलं, सावकारी आणि वाण्याचा व्यवसाय असलेलं. आईबाप आधीच गेलेले. दुष्काळात पैसा आटला, मान गेला. पत्नीबद्दल ते सांगतात, ‘स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली’. एवढ्या पाच-सहा शब्दांच्या पुढे मला कीर्तनात आजही लगेच बोलता येत नाही, थांबावं लागतं. मुलगाही गेला. आणि मग ते म्हणतात, ‘लज्जा वाटे जीवा’. धंदा बुडालेल्या माणसाला गावात तोंड दाखवायची लाज वाटते, ती ही लाज. दीड वर्ष तुम्ही पारावर गेला नाहीत असं लिहिलं आहे. तुकोबांना ती लाज माहीत होती.

आता पेन्सिल घ्या आणि या अभंगातली क्रियापदं मोजा. विद्यार्थ्यांना मी हेच करायला लावतो. देवाचं देऊळ भंगलं होतं, ते करावंसं चित्तात आलं. एकादशीला कीर्तन करू लागलो. संतांची उत्तरं पाठ केली. जे पुढे उभं राहून गातात त्यांचं ध्रुपद, म्हणजे पालुपद, मागे धरलं. शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला. सत्य-असत्याला आपलं मन साक्षी ठेवलं, ‘मानियेले नाही बहुमता’. बहुतेक क्रियापदांचा कर्ता स्वतः तुकोबा आहेत. देव अजून काहीच करत नाही. आणि सगळं सांगून झाल्यावर, अगदी शेवटी, ते म्हणतात, ‘तुका म्हणे माझे सर्व भांडवल । बोलविले बोल पांडुरंगे ॥’ सगळं केलं स्वतः आणि नावावर केलं पांडुरंगाच्या. यालाच आम्ही शरणागती म्हणतो. न केलेलं काम कुणाच्या नावावर करता येत नाही.

त्यातही एक ओळ तुमच्यासाठीच आहे असं समजा: ‘नव्हते अभ्यासी चित्त आधी’. सुरुवातीला मन लागत नव्हतं. तुकोबांचं! तरी एकादशीचं कीर्तन सुरू केलं. मन लागल्यावर सुरू करू, आतून प्रेरणा आली की उठू, असं नाही केलं. लोकांना वाटतं, आधी श्रद्धा येते आणि मग माणूस हलतो. माझ्या पाहण्यात बहुतेकांचं उलटं झालं आहे. पाय आधी चालायला लागतात. पहिल्या वारीला येणारा माणूस दिवे घाट चढताना मनात देव वगैरे काही घेऊन चढत नाही, तो पायाचे फोड घेऊन चढतो. नीरेच्या पुढे कुठेतरी त्याला कळतं की आपण दोन तास अभंग म्हणत होतो आणि फोडांची आठवणच नव्हती.

कुणी म्हणेल, तुकोबासुद्धा इंद्रायणीकाठी बसून राहिलेच की. बसले. वह्या बुडवल्यावर बसले. पण त्यांचा शब्द बघा, ‘बैसलो धरणे’. धरणं धरलं. देवाच्या दारात हक्काने बसले, मागणी घेऊन. आणि कधी? अभंग लिहून झाल्यावर. ज्याच्या वह्याच कोऱ्या आहेत त्याने कशाचं धरणं धरायचं?

आता दैवाचं. गावात दोन टोकं भेटतात. एक म्हणतो सगळं नशीब, दुसरा म्हणतो सगळं आपल्या हातात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे हे शरीर, मग करणारा, मग करायची साधनं, मग नाना तऱ्हेच्या हालचाली, ‘दैवं चैवात्र पंचमम्’. दैव आहे, पण पाचवं आहे. आपण पहिली चार ओलांडून एकदम पाचव्याला हात घालतो. तुमच्या परीक्षेला हे लावून बघा. जागा किती निघतील, जाहिरात कधी येईल, पेपर कसा येईल, एका गुणाने कोण पुढे जाईल, हे पाचवं. तिथे तुमचा काही इलाज चालत नाही. त्यासाठी स्वतःला दोषी धरू नका. दीड वर्षं तेच करत आला आहात. पहाटे उठणं, उत्तरं लिहून कुणाकडून तरी तपासून घेणं, आपल्याला हे खरंच हवं आहे का हे स्वतःला विचारणं, ही पहिली चार.

आणि हेही ठासून सांगतो, पाचवं खरंच असतं. हल्ली मोबाइलवर एक शिकवण फार फिरते: मनात पक्कं धरा, श्रद्धा ठेवा, हवं ते मिळेल, मिळालं नाही तर तुमची श्रद्धा कमी पडली. माझ्या कीर्तनाला येणाऱ्या पोरांच्या तोंडीही ती ऐकतो. ती आपली शिकवण नाही. तुकोबांच्या घरातलं माणूस भुकेने गेलं, ते काय श्रद्धा कमी पडली म्हणून? ज्याचं उभं पीक गारपिटीत झोपलं त्याच्या भावात खोट काढणाऱ्याला मी कीर्तनात उभा करणार नाही. श्रद्धा म्हणजे फळाची हमी नव्हे. पेरणी करायचं बळ तेवढं ती देते.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. कसं कळलं ते सांगतो.

2007 साली माझ्याकडे एक एकर डाळिंब होतं, तीनशे झाडं, गावच्या सोसायटीचं कर्ज काढून लावलेली. मृग बहार धरला होता. पावसाळ्यात तेल्या रोग आला. फळावर आधी तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग दिसतो, मग तो काळा पडतो, मग फळ तडकतं. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला पावसाचे शिंतोडे पुरतात. मी काय केलं? ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलो. सात दिवसांचं, नेमाने, सोवळ्यात. मनात होतं की आता माउलीच राखतील. खरं सांगायचं तर मला बागेत पाऊल टाकायची भीती वाटत होती. दर सकाळी आणखी चार झाडं गेलेली दिसायची. पारायण ही माझी लपायची जागा झाली होती, आणि त्या लपण्याला मी श्रद्धा म्हणत होतो.

पाचव्या दिवशी आमच्या दिंडीचे विणेकरी आले. सत्तरी ओलांडलेले, शेतीतच आयुष्य गेलेलं. पोथीला नमस्कार केला, माझ्याशी काही बोलले नाहीत, थेट बागेत गेले. बराच वेळ परत येईनात म्हणून मी मागे गेलो. धोतराचा काचा मारून ते वाकलेले होते आणि पहिल्या ओळीतल्या झाडाखालची गळलेली फळं, पानं उचलून खताच्या रिकाम्या पोत्यात भरत होते. तोंडाने हरिपाठ चालू होता, ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही राहू द्या.’ त्यांनी वर न बघता दुसरं पोतं माझ्याकडे सरकवलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी आणि माझ्या बायकोने ती तीनशे झाडं साफ केली. रोगट फांदी डागाच्या खाली दोन बोटं सोडून कापायची, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, कात्री दर झाडाला औषधाच्या पाण्यात बुडवायची, नाहीतर कात्रीच रोग पसरवते. बांधाकडेला खड्डा घेऊन सगळं त्यात टाकलं. ओलं होतं, पेटेना, शेवटी डिझेल ओतून पेटवलं. वास अजून नाकात आहे. एका झाडाशी एक अभंग म्हणून होत होता. असे किती हरिपाठ झाले कोण जाणे. एवढं सलग नामस्मरण माझ्याकडून त्याआधी कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी विहिरीवर हात धुताना मी विचारलं, ‘बाबा, पारायण चुकलं का माझं?’ ते म्हणाले, ‘पारायण पहाटे कर. उजाडलं की बाग.’ एवढंच. नंतर आपल्याशीच ओवी म्हणू लागले, ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागी ॥’ ही ओवी मी शेकडो वेळा म्हटली होती, तिच्यावर तास-तासभर बोललो होतो. स्वकर्माची फुलं म्हणजे ते सडक्या फळांचं पोतं, हे मला त्या दिवशी दिसलं.

त्या वर्षी पीक वाचलं नाही. दोन तृतीयांश माल गेला, कर्ज फेडायला तीन वर्षं लागली. झाडं मात्र राहिली. पुढे बहार बदलला, पावसाळा टाळून हस्त बहार धरायला लागलो. चमत्कार झाला असता तर सांगितला असता. नाही झाला.

तुमचा उपप्रश्न होता: देवाकडे तक्रार करावीशी वाटते, हे पाप आहे का? नाही. संध्याकाळी पालखी तळावर पोहोचते तेव्हा समाज आरती असते, कधी पाहिली आहे का? सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकावेळी वाजत असतात. चोपदार चोप, म्हणजे हातातली काठी, उंच करतो आणि क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळांचा गजर. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, मार्ग काढतो, मग पुढचं होतं आणि आरती होते. आपल्या संप्रदायाने तक्रारीला आरतीच्या आधी जागा करून ठेवली आहे. तेव्हा भांडा देवाशी. नामदेव भांडले, जनाबाई तर विठोबाला सरळ शिव्या देते. मात्र गाऱ्हाणं मांडणारी दिंडी दिवसभर चालून आलेली असते, तेवढं विसरू नका.

जनाबाईचं नाव निघालंच आहे तर, देव तिला दळू लागतो ती गोष्ट आठवा. जातं चालू असतं, तिचा हात खुंट्यावर असतो, तिथे देव येऊन हात लावतो. जातं बंद करून वाट बघत बसलेल्या जनीची गोष्ट कुणी सांगत नाही. अरणच्या सावता महाराजांचंही तेच. पंढरपूर फार लांब नसूनही परंपरा सांगते की ते मळा सोडून गेले नाहीत, देवच मळ्यात आला. वाफ्याला पाणी चालू होतं तिथे आला.

आणि ‘तैसेचि राहावे’चा अर्थ जर ‘जसं आहे तसं चालू द्यावं’ असा असता, तर चोखोबांची माणसं आजही महाद्वाराबाहेर असती. किती शतकं त्यांना बाहेर ठेवलं आपण! आणि तेव्हाही अनंताचंच नाव पुढे केलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा मंदिर सर्वांना उघडलं. उपोषणाच्या आधी ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले होते, लोकांची मनं वळवत. गाडगेबाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत, कीर्तन संध्याकाळी. ही दोन्ही माणसं आपल्याला काल-परवाची आहेत. अनंताने असंच ठेवलं आहे म्हणून ती गप्प राहिली नाहीत. याबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण तुमच्याकडे वळतो.

तुम्ही काय करावं असं मला वाटतं ते सांगतो.

नवस आणि नियम यातला फरक आधी ओळखा. नवसात काम देवाकडे असतं: तू हे कर, मग मी ते देईन. नियमात काम माझ्याकडे असतं, आणि त्याला अट नसते. तुकोबांनी नवसाबद्दल फार कडक विचारलं आहे, ‘नवसे कन्या पुत्र होती । तरी का करणे लागे पती ॥’ तेव्हा आज एक नियम घ्या, लहान. तुमच्या गावात देवळात संध्याकाळी हरिपाठ होत असेल, बार्शीकडच्या बहुतेक गावांत होतो. तिथे जा. पुढे नका उभे राहू. मागे उभं राहून ध्रुपद धरा, ‘गाती पुढे त्यांचे’. कुणी विचारेल, निकालाचं काय झालं? सांगायचं, नाही झालं. दोन-चार दिवस विचारतील, मग टाळ हातात देतील. पंचवीस मिनिटांचं काम आहे. दीड वर्ष खोलीत काढलेल्या माणसाने रोज पंचवीस मिनिटं चार माणसांत उभं राहणं, याचं मोल मी पाहिलेलं आहे.

दुसरं, आसपासचं भंगलेलं देऊळ शोधा. तुकोबांनी दुःखातून उठल्यावर पहिलं हेच केलं, हे मला फार मोठं वाटतं. स्वतःचा धंदा सावरायच्या आधी त्यांनी हात घातला तो पडक्या देवळाला, दगड-मातीला. तुमच्यासाठी ते खरंच देऊळ असेल किंवा नसेलही. पाच वर्षं तुम्ही इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र वाचलं आहे. गावात आठवी-नववीची पोरं असतात, गणितात आणि इंग्रजीत अडलेली. देवळाच्या ओवरीत संध्याकाळी हरिपाठाआधी तासभर बसवा त्यांना. पैसे घेऊ नका, निदान पहिले सहा महिने. यातून तुमचा व्यवसाय निघेल असं मी म्हणत नाही. तुमच्या हातून काहीतरी उभं राहतं, हे तुमच्या डोळ्यांना पुन्हा दिसायला हवं, एवढ्यासाठी.

परीक्षेचा निर्णय तुम्ही घ्यायचा आहे, आणि तो देवाच्या नावावर घालायचा नाही. या बाबतीत मी जरा कठोर आहे. ‘देवाची इच्छा असेल तर देईन’ असं म्हणत वर्षं जातात. वडिलांसमोर बसा, कागद घ्या. आणखी एक प्रयत्न करायचा तर किती महिने, खर्च किती, राहायचं कुठे, आणि नाही झालं तर कोणत्या तारखेला थांबायचं, हे लिहा. थांबायचं असेल तर तेही स्वतःहून थांबा. ‘मी थांबायचं ठरवलं’ हे वाक्य उच्चारायला जड आहे, पण माणूस त्यावर उभा राहू शकतो. ‘देवाने होऊ दिलं नाही’ यावर दहा वर्षांनी देवाबद्दलही कडवटपणा येतो आणि स्वतःबद्दलही. ठरवताना गाव काय म्हणेल हे बाजूला ठेवा. तुकोबांसारखं मन ग्वाही करा, साक्षीला ठेवा. एक प्रश्न त्याला नक्की विचारा: मला ते काम करायचं आहे, की मला फक्त यादीत नाव हवं आहे? उत्तर कोणतंही आलं तरी खरं आलं पाहिजे.

रात्री झोपताना वहीत दोन ओळी लिहा. आज माझ्या हातातलं काय होतं आणि ते मी केलं का. आणि आज माझ्या हातात नसलेलं काय होतं, ते देवापायी ठेवलं का. दुसरी ओळ लिहिल्यावर वही मिटायची. ‘चित्ती असो द्यावे समाधान’ हे त्या वहीच्या पलीकडे सुरू होतं.

एक गोष्ट फार जपून लिहितो. तुमच्या पत्रात झोप लागत नाही असं एक वाक्य होतं, आणि त्यापुढचं वाक्य तुम्ही अर्धं सोडलं आहे. रात्र-रात्र झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावरचा विश्वास उडणं नव्हे. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या माणसाला मी एकादशीचा निर्जळी उपास करू देत नाही. सांगतो, औषध घे, फराळ कर, देव रागवत नाही. मनाच्या आजाराचंही तसंच आहे. हरिपाठ औषधासोबत चालतो, औषधाच्या जागी नको.

माळेबद्दल विचारलं आहे, आता घालू का म्हणून. थोडं थांबा. माळ घालणं म्हणजे एकादशी, वारी, नित्य हरिपाठ, मांस-मद्याचा त्याग, परस्त्री मातेसमान, हे सगळं आपण होऊन अंगावर घेणं. संकट टळावं म्हणून घातलेली माळ संकटाबरोबर सुटते. मी खुंटीला टांगलेल्या पुष्कळ माळा पाहिल्या आहेत. सहा महिने हरिपाठ चुकू देऊ नका, मग पुढच्या कार्तिकीला विचार करा.

राहिला आईचा नवस. ‘मुलगा साहेब झाला की पायी तुळजापूरला येईन’ असं ती बोलली आहे आणि सहा वर्षं थांबली आहे. नवस फेडायचा राहिला तर देवी कोपेल, ही तिची भीती तुम्ही लिहिली आहे. तिला समजावू नका, अभंगही सांगू नका. यंदा कोजागरीला तिला घेऊन निघा. त्या पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्यावर रात्रभर माणसं चालत असतात, जागोजागी चहा-फराळाचे मांडव असतात. सोलापुरातून साधारण 45 किलोमीटर. तिला म्हणा, निकालाचं निकालापाशी, आपण आईसाहेबांना भेटायला चाललोय. तिच्या गुडघ्यांचं बघा. एका दिवसात नाही जमलं तर दोन दिवस करा, दुपारी सावलीला थांबा, कुणाची तरी जीप मागे असू द्या. सहा वर्षांत तुम्ही दोघं एवढा वेळ बरोबर चालला नसाल. वाटेत ती काय बोलते ते ऐका.